यादीतली शेवटची ओळ

भाऊंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे तक्ते तपासत होते. शनिवार होता, सकाळचे पावणेअकरा. भाऊ एवढंच म्हणाले, "नंदे, गेली गं ती." मी "निघाले" म्हटलं, फोन ठेवला आणि वही उघडून तारीख टाकली. माझं असंच आहे. घरात लग्न असो, आजारपण असो की आणखी काही, माझा हात आधी वहीकडे जातो. पुण्याला भाऊंच्या मुलाला, विनोदला कळवणे, अक्कलकोटच्या मंडळींना कळवणे, हॉस्पिटलचे कागद, गाडी... भराभर लिहीत गेले. रिक्षात बसल्यावर पान पुन्हा वाचलं, तर सगळ्यात वर, एक नंबरला, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: वहिनींना फोन करणे.

तीस-बत्तीस वर्षं माझी प्रत्येक मोठी यादी याच कामानं सुरू झाली होती. हाताला सवय होती, त्यानं लिहिलं. रिक्षा सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली होती आणि मी त्या ओळीकडे बघत बसले. खोडावं असं वाटलं, पण पेन उघडलंच नाही. आज सात आठवडे झाले. ती ओळ अजून तशीच आहे.

वहिनी म्हणजे महादेवी, माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी, शाळाही कानडी. लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहावीत होते. त्यांना मराठी येत होतं ते जेवण, पाणी आणि देवळापुरतं. मी दाराच्या आतल्या बाजूला अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवत असे, त्याकडे त्या रोज बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. सहा महिन्यांनी मराठी जिभेवर बसल्यावर पहिली थट्टा त्यांनी त्याचीच केली. म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या नवऱ्याचंबी वेळापत्रक दाराला लागणार बघा." पुढे ते खरंच लागलं, आणि त्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चप्पल काढायच्या आधी दारामागे जाऊन बघून आल्या.

मी सासरी जुळे सोलापूरला गेले आणि भाऊ-वहिनी सात रस्त्यामागच्या गल्लीतल्या जुन्याच घरात राहिले. भाऊ चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे रविवारीच काय ते घरी. दर रविवारी दहा वाजता मी आठवड्याची यादी घेऊन त्यांच्याकडे जायची. वहिनी चहा टाकायच्या, यादी वाचायच्या, दोन कामं आपल्याकडे घ्यायच्या, एखादं "ह्याची काय गरज नाय" म्हणून काट मारून टाकायच्या. आणि शेवटी, पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं स्वतःची एक ओळ घालायच्या. वन्संनी जेवताना घड्याळ बघू नये. दाजींनाबी एक दिवस सुट्टी देणे. आज काय करू नये. त्यांचं अक्षर मोठं, गोल, ठसठशीत होतं. कानडीत शिकलेल्या हाताचं ते वळण. वरची रेघ त्या देतच नसत, अक्षरं नुसती वाटाण्यासारखी ओळीत बसलेली. मी म्हणायची, वहिनी, शिरोरेषा द्या. त्या म्हणायच्या, "वाचता येतंय न्हवं? मग छप्पर कशाला?" त्यांची ओळ झाली की मी शेजारी बरोबरची खूण करायची. काम झालेलं असो वा नसो, त्यांच्या ओळीला खूण मिळायचीच.

आता जे सांगायचं आहे ते थोडं क्रमानं सांगते, कारण क्रम मला फार उशिरा कळला.

आमच्याकडे शेंगाचटणी वहिनींची. दगडी उखळात कुटलेली, तेल सुटून काळपट लाल झालेली. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या चटणीवर जेवायची. दाणे भाजताना त्या कढईकडे बघतसुद्धा नसत. पाठ करून लसूण सोलत बसायच्या आणि मध्येच उठून गॅस बंद करायच्या. दाणा स्वतःच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एका हिवाळ्यात मी रविवारी गेले तर गल्लीच्या तोंडालाच करपलेला वास आला. आत गेले. वहिनी कढईपाशीच उभ्या, झारा हातात, धूर डोळ्यांसमोर. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्या माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाल्या, "अजून वास कुटं आलाय, वन्सं?"

आम्ही काय केलं? दाण्यांना दोष दिला. मोहोळहून आलेला माल होता. भाऊ म्हणाले, जुना दाणा मिसळलाय त्यानं. मी वहीत लिहिलं, शेंगदाणे, दुकान बदलणे. दुकान बदललं, खूण केली. पुढच्या महिन्यात पुन्हा करपली तेव्हा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. सर्दी जुनी आहे म्हणाले, वाफ घ्यायला सांगितली. आठ दिवस वाफ, खूण. वास काही आला नाही. पण वय झालं की होतं असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही ते धरून ठेवलं. तेव्हा त्यांचं वय चोपन्न होतं.

मग उजवा खांदा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून व्यायाम दिले. मी व्यायामाचा तक्ता करून स्वयंपाकघरात लावला. खूण. चालताना उजवं पाऊल फरशीला घासतंय असं भाऊंच्या लक्षात आलं. मी चप्पल सैल आहे म्हणून मागे पट्टा असलेली नवी आणली. खूण. झोपेत त्या ओरडतात, लाथा मारतात, म्हणून भाऊंनी पलंगाशेजारी दुसरी खाट टाकली होती. त्यावर आम्ही सगळे हसलो होतो. बत्तीस वर्षांचा राग निघतोय, असं मीच म्हणाले होते. पोट साफ होत नाही, चूर्ण. खूण. आवाज बारीक झाला, तर मी म्हणायची, मोठ्यानं बोला की वहिनी, मला ऐकू येत नाही. आणि अक्षर... माझ्या यादीखालची ओळ दर महिन्याला थोडी थोडी लहान होत होती. ओळ सुरू व्हायची बऱ्यापैकी, शेवटपर्यंत जाताना मुंगीएवढी. मी काय केलं असेल? जाड टोकाचं पेन विकत आणलं. खूण.

प्रत्येक गोष्ट वेगळ्या पानावर होती, वेगळ्या रविवारची. माझ्या वहीत काम झालं की पान उलटतं, आणि उलटलेलं पान मी पुन्हा बघत नाही. नीटनेटकेपणाचा मला फार अभिमान होता.

ऋतुजाचं, माझ्या मुलीचं, लग्न त्याच सुमारास झालं. या लग्नाच्या यादीतही एक नंबरला वहिनीच होत्या. ऋतुजा त्यांच्या मांडीवर वाढलेली. पण लग्नाच्या दोन्ही दिवशी वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या, चेहरा दगडासारखा. मुलाकडच्या बायका ओटी भरायला आल्या तेव्हाही तसाच. डोळ्यांची पापणी हलेना. मुलाच्या आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या वहिनींना हे स्थळ पसंत नव्हतं का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो आले तर त्यात तेच. सगळे हसतायत आणि वहिनी मात्र कुणाच्या तरी मयताला आल्यासारख्या. मी खूप मनाला लावून घेतलं. काही बोलले नाही, भांडलेही नाही. फक्त रविवारचं जाणं थांबवलं. पहिल्या रविवारी पाहुणे होते, दुसऱ्या रविवारी काम होतं, आणि तिसऱ्या रविवारी कारण शोधायची गरजही वाटली नाही. असे अकरा रविवार गेले. माझ्या वहीत ते अकरा आठवडे आहेत. पानांच्या तळाशी कोणाची ओळ नाही.

अकराव्या आठवड्यानंतर भाऊंचा फोन आला, वहिनी अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी पडल्या म्हणून. मी गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या, कपाळाला टेंगूळ. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होती, विडी वळतात तशी. सोलापुरात विडी वळणारे हात कुणी पाहिले नाहीत? त्यांना स्वतःला ते हात हलतोय हे जाणवत नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "लई दिवस लावले की वन्सं." चेहरा तसाच, दगडी. मला वाटलं, अजून राग आहे.

नेहमीच्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला आणि रिपोर्ट घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. त्या मशीनच्या आवाजात वहिनी अर्धा तास पडून होत्या, आणि आम्ही बाहेर बाकावर. दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं. भाऊंनी ते उघडून मला दिलं, मी शेवटचं वाक्य वाचलं. नॉर्मल. गाठ नाही, रक्तस्राव नाही, काही नाही. भाऊ तिथल्या तिथे रडले. येताना त्यांनी पेढे घेतले, गल्लीत वाटले. विनोदला पुण्याला फोन केला की सगळं नॉर्मल आहे, तू यायची गरज नाही. मी वहीत त्या कामापुढे दोन खुणा केल्या. मी असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. तज्ज्ञांना दाखवायची चिठ्ठी त्याच पाकिटात राहिली. मशीननं सांगितलं होतं ना, मग माणसाला कशाला विचारायचं?

पेढ्यांनंतर आठ महिने गेले. या आठ महिन्यांत वहिनींनी चटणी कुटणं सोडलं. मुसळ उचलायला त्यांना जमत होतं, पण ते खाली-वर करण्याची लय हातातून गेली होती. दोन ठोके पडायचे, तिसरा अडायचा. त्या तशाच उभ्या राहायच्या, मुसळ अर्ध्यावर धरून, जणू कुणी तरी थांब म्हणालं आहे. भाऊ म्हणायचे, आळस गं, दुसरं काय. रिपोर्ट नॉर्मल आहे तुझा. आणि वहिनींनाही तेच पटत होतं, हे मला सगळ्यात जास्त छळतं. त्या स्वतःला आळशी समजायला लागल्या होत्या.

शेवटी एका सहकाऱ्याच्या वडिलांना दाखवायला म्हणून मी एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे सोबत गेले होते. तिथे दाराशी बसलेले एक आजोबा पाहिले. तोच चेहरा, तोच वाकलेला हात, रिकामी पिशवी धरल्यासारखा. मी दुसऱ्याच दिवसाची वेळ घेऊन बाहेर पडले.

डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होत्या. वहिनी दारातून आत आल्या, खुर्चीपर्यंत सहा-सात पावलं चालल्या, तेवढ्यात डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं. मग त्यांनी वहिनींना अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, मूठ उघडझाप करायला लावली. सुरुवातीला मोठी हालचाल, मग लहान, मग थांबलीच. कोपर हातात धरून हलवून पाहिलं, आणि माझा हात घेऊन त्यावर ठेवला. दातेरी चाक फिरावं तसं आत काहीतरी अडत अडत सरकत होतं. पाठीमागं उभ्या राहून खांदे हलकेच मागे ओढले, तर वहिनी तोल सावरू शकल्या नाहीत, थेट त्यांच्या अंगावर आल्या. एक कागद पुढे करून म्हणाल्या, काहीही लिहा. वहिनींनी आपलं नाव लिहिलं. म हा म होता. शेवटचा वी दिसेना.

मी एमआरआयचं पाकीट पुढे केलं. डॉक्टरांनी बघितलं आणि शांतपणे सांगितलं की पार्किन्सन त्यात दिसत नाही. दुसरे काही आजार नाहीत एवढंच तो फोटो सांगतो. हा आजार बघून आणि विचारून ओळखायचा असतो. मग त्या विचारत गेल्या. वास कधीपासून येत नाही? झोपेत हातपाय मारतात का? पोट? खांदा दुखत होता का? आवाज? अक्षर? माझ्याकडे वही होती. सगळ्या वह्या मी पिशवीतून आणल्या होत्या. मी एकेक पान काढून तारीख सांगत गेले आणि डॉक्टर लिहीत गेल्या. एका कागदावर, एकाखाली एक. शेंगदाणे करपले. खांदा. चप्पल. झोप. चूर्ण. आवाज. पेन. माझ्या चार वर्षांच्या खुणा त्या एका पानावर उतरल्या तेव्हा वाचायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. मलासुद्धा दिसलं.

डॉक्टर कौतुकानं म्हणाल्या, "एवढं नीट लिहून कुणीच आणत नाही हो." त्यांना काय माहीत. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. चेहऱ्यावरचे भाव कमी झालेत, ते कधीपासून? या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, माणूस आतून हसतो, रडतो, पण बाहेर दिसत नाही. घरच्यांना वाटतं रुसलाय. हे कधी कुणाच्या लक्षात आलं का? भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी वहीकडे. त्याची नोंद माझ्याकडे नव्हती. त्या आठवड्यांत मी फक्त जाणं बंद केलं होतं. मग वहिनी त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणाल्या, "मी हसले होते की, वन्सं. रुतुजाच्या लग्नात लई हसले होते मी."

दवाखान्याच्या बाहेर, पायरीवर, मी त्यांचा हात धरून किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "चला. यादी करा. गोळ्या कवा कवा घ्यायच्या ते लिवा आदी." आणि त्यांचा चेहरा तेव्हाही तसाच होता. पण मी आता तो वाचायला शिकत होते. डोळ्यांच्या कडेला एक जागा होती, तिथे हसू थोडं उरलेलं असायचं.

मी डॉक्टरांना एकटीनं जाऊन विचारलं होतं, आम्ही आधी आलो असतो तर? त्यांनी खोटं सांगितलं नाही. आजार थांबला नसता, त्या म्हणाल्या, तो थांबवणारं औषध अजून नाही. पण त्यांचे मधले दिवस सोपे गेले असते. मधले दिवस. हे दोन शब्द मी कुठेही लिहून ठेवलेले नाहीत, तरी विसरता येत नाहीत.

गोळ्यांनी पहिली दोन वर्षं चांगली दिली. जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून चारदा, मिनिटाचाही फरक नको. हे काम माझ्या स्वभावाचं होतं. मी तक्ता केला, गजर लावले, भाऊंना शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी मुसळ धरलं आणि चटणी कुटली. वास मात्र परत आला नाही. तो येत नाही म्हणे. दाणे भाजायला मी कढईपाशी उभी राहायची आणि त्या विचारायच्या, "सांगा, दाणा काय म्हणतोय?" मी म्हणायची, अजून थोडं. माझं नाक काही त्यांच्याइतकं नव्हतं. दोनदा कच्ची उतरवली. त्यांनी ती गल्लीत वाटली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही वन्संची हाय, माझी न्हाय." माझ्या यादीखालच्या ओळी पुन्हा येऊ लागल्या. छोट्या, पण वाचता येण्याजोग्या.

पुढे गोळीचा जोर लवकर उतरू लागला. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात त्या खिळल्यासारख्या व्हायच्या. विशेषतः दारात. उंबऱ्यापाशी आल्या की पाय जमिनीला चिकटायचे, वरचं अंग पुढे जायचं आणि त्या पडायच्या. डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली, जमिनीवर आडव्या रेघा ओढा, रेघ ओलांडायची म्हटली की पाऊल उचललं जातं. का ते मला नीट समजलं नाही, पण ते खरं निघालं. भाऊंनी कारखान्यातला कापडावर खुणा करायचा खडू आणला. खाटेपासून न्हाणीपर्यंत, एकेक पावलाच्या अंतरावर, पांढऱ्या रेघा. रोज सकाळी फरशी पुसली की भाऊ गुडघ्यांवर बसून पुन्हा रेघा ओढायचे. या माणसानं जन्मात घरातली काडी इकडची तिकडे केली नव्हती. वहिनी म्हणाल्या, "कबड्डीचं मैदान केलंय माझ्या घराचं." पण त्या रेघांवरून चालल्या. एक, दोन, तीन... भाऊ पुढे उलटे चालत मोजायचे.

त्यानंतरचं लिहायला माझ्याकडे फार नाही. माझ्या वह्यांमध्ये ते आहे, तारखेवार, पण ते नोंदी वाचल्यासारखं होईल. गिळायला त्रास होऊ लागला. भाकरी बंद, मग भात बंद, मग पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं. मी प्रत्येक रविवारी काय करता येईल याची यादी करायची आणि ती दर वेळी आखूड व्हायची. खुर्ची आणली, न्हाणीत कठडा बसवला, गादी बदलली, बोलण्याच्या व्यायामासाठी माणूस शोधला. सगळ्यापुढे खुणा झाल्या. एवढ्या खुणा केलेली पानं माझ्याकडे दुसरी नाहीत, आणि त्यांच्या समोर खाटेवर वहिनी दिवसेंदिवस लहान होत गेल्या. एका रविवारी मी पान उघडलं आणि लिहायला काहीच सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा मी कोरं पान घेऊन बसले. वहिनींनी ते बघितलं. बोलणं तेव्हा जवळजवळ गेलं होतं. त्यांनी हात थोडा उचलून पेन्सिल मागितली. मी त्यांच्या बोटांत धरून दिली, वही मांडीवर ठेवली. त्यांनी पानाच्या तळाशी लिहायला घेतलं. फार वेळ लागला. मी मनगटाला आधार देणार होते, त्यांनी मानेनं नको म्हटलं. मग पेन्सिल सुटली.

तीन आठवड्यांनी अन्नाचा कण श्वासनलिकेत गेला, छातीत कफ झाला, आठ दिवस हॉस्पिटल. त्या शनिवारी भाऊंचा फोन आला.

हे सगळं वर्तमानपत्राच्या पुरवणीत का लिहायचं, असं भाऊंनी विचारलं. मी म्हटलं, कुणाच्या तरी घरात आत्ता दाणे करपत असतील. कुणाचं अक्षर बारीक होत असेल, कुणाचा एक हात चालताना हलत नसेल, आणि घरचे दुकान बदलत असतील, चप्पल बदलत असतील. ते सगळं एका पानावर घ्या आणि ते पान कुणा जाणत्या माणसासमोर ठेवा. आणि कुणी हसत नसेल तर रुसलाय असं ठरवायच्या आधी एकदा विचारा. माझ्याकडून याहून शहाणं काही निघणार नाही. भाऊ उठून न्हाणीकडे गेले. जाताना रेघा ओलांडत गेले, एक, दोन, तीन. अजून ओढतात ते रोज सकाळी. थांबवा असं मी त्यांना सांगणार होते, सांगितलं नाही.

ते पान माझ्यासमोर आहे. वर काही नाही, सगळं कोरं, आणि तळाशी पेन्सिलीची एक ओळ, जेमतेम दोन बोटं लांब. पहिलं अक्षर व असावं. वन्सं असेल. पुढे बारीक बारीक ठिपके होत गेलेत, वरती रेघ नाही, शेवटी नुसता पेन्सिलीचा ओरखडा. मी भिंग लावून पाहिलं. ऑफिसातल्या यंत्रावर चौपट मोठं करून पाहिलं. भाऊंना दाखवलं, ऋतुजाला दाखवलं, अक्कलकोटला त्यांच्या बहिणीला दाखवलं, कानडीत लिहिलं असेल म्हणून. त्यांनाही लागलं नाही. कामाचं काही असेल, थट्टा असेल, मला कळणार नाही. त्यांच्या ओळीला खूण करायचा माझा नेम होता, वाचून मगच. या रविवारी दहा वाजता मी वही घेऊन त्या खाटेवर जाऊन बसले, पेन उघडलं, त्या ओळीशेजारी टोक नेलं, आणि बराच वेळ तसंच धरून बसले...